सोळा गाईंची पंगत

पंगत उठायच्या आधी मन्मथअप्पा ताठ उभे राहायचे. हातातला डाव रिकाम्या बादलीच्या काठावर टेकवायचे, मठाच्या ओसरीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत नजर फिरवायचे आणि विचारायचे, "कोन ऱ्हायलं?"

आवाज मोठा नव्हता. पण त्या प्रश्नाला उत्तर गेल्याशिवाय आमच्या गावात कुणी हात धुवायला उठत नसे. लोक एकमेकांच्या ताटात बघून सांगायचे, "कुनी न्हाई अप्पा, समद्यांचं झालं." तरी त्यांचं समाधान व्हायचं नाही. एकदा ओसरीवर सगळे जेवले होते आणि अप्पा बादली घेऊन बाहेर गेले. लिंबाखाली कंगवे विकणारी एक बाई पाटी उतरवून बसली होती. मठाच्या पंगतीशी तिचा काही संबंध नव्हता. अप्पांनी तिच्यापुढे पत्रावळ मांडली, आणि ती संपवेपर्यंत पन्नास माणसं ओसरीवर वाळलेले हात घेऊन बसून राहिली.

शिरूर अनंतपाळपासून एसटीनं अर्ध्या तासावर आमचं गाव. मठ गावाच्या मधोमध, आणि आमच्या घराची मागची भिंत मठाच्या गोठ्याला लागून. त्या भिंतीतल्या खिडकीतून मी अप्पांना लहानपणापासून बघत आले. बुटका माणूस. वर्षानुवर्षं बादली उचलून उजवा खांदा डाव्यापेक्षा खाली उतरलेला. कपाळावर विभूती, गळ्यात लिंग, अंगात बिनबाह्यांची बंडी. बायको-लेकरं नव्हती. दर सोमवारी मठात पंगत वाढायची आणि बाकी सगळा वेळ मठाच्या गाईंना सांभाळायचं, एवढं त्यांचं आयुष्य. त्याला 'एवढं' म्हणणारी मी कोण, हे मला उशिरा कळलं.

वाढण्यात त्यांचे नियम होते. या सोमवारी पूर्वेच्या टोकानं सुरुवात केली तर पुढच्या सोमवारी पश्चिमेच्या. का, असं मी विचारलं तेव्हा म्हणाले, "शेवटला मानूस दर बारीला त्योच ऱ्हाऊ नये, माय." भात सगळ्यांना तेवढाच. तूप सगळ्यांना तेवढंच. पोटानं लहान असलेला माणूस 'बास' म्हणाला तरच थांबायचं. वाढप्यानं आपल्या डोक्यानं थांबायचं नाही.

चाकूरच्या एका लग्नात त्यांना खास वाढपी म्हणून नेलं होतं. मी तेव्हा शाळेत होते, वडिलांसोबत गेले होते. मांडवात शिऱ्याची दोन पातेली होती. एक काजू-बेदाण्याचं, एक साधं. नवरीचा मामा अप्पांच्या कानाशी लागला, "काजूचं पयल्या दोन रांगांना. पावणे मोठे हायत." अप्पांनी मान हलवली. मामा निश्चिंत होऊन गेला. अप्पांनी काजूचं पातेलं उचललं, साध्या पातेल्यात उपडं केलं, खालून वर तीन वेळा हलवलं आणि वाढायला लागले. प्रत्येकाच्या वाट्याला एकेक काजू आला. कुणाच्या आलाही नसेल. मामा धावत आला, ओरडला, लोकांनी त्याला धरला. "मान हलिवलाव की तुमी!" मामा म्हणत होता. अप्पा शांतपणे म्हणाले, "ऐकलो मनून हलिवलो."

अप्पांच्या मानेचं हे असं होतं. मान हलली म्हणजे तुमचं बोलणं कानापर्यंत पोचलं. पटलं, असा त्याचा अर्थ नव्हता. हे गावात सगळ्यांना माहीत होतं. डॉक्टर फारुख यांना माहीत नव्हतं.

डॉक्टर नांदेडचे. जनावरांचे डॉक्टर, लातूरच्या एका संशोधन संस्थेत कंत्राटावर. वय माझ्याएवढंच असेल, तिशीच्या आत. मठाच्या गोठ्यात सोळा देवणी गाई होत्या. भाविकांनी वेगवेगळ्या वेळी मठाला दिलेल्या. एका वाणाच्या, एका छपराखालच्या, एकाच माणसाच्या हातून खाणाऱ्या सोळा गाई. डॉक्टरांना अशाच हव्या होत्या. मठाच्या कमिटीपुढे त्यांनी समजावून सांगितलं ते असं: गाय रवंथ करते तेव्हा तिच्या पोटात एक वायू तयार होतो आणि ढेकरातून बाहेर पडतो. तो हवेत साठून ऊन वाढवतो. समुद्रात एक तांबडा पाला वाढतो. तो वाळवून, त्याची पूड थोडीशी पेंडीत घातली की वायू कमी होतो, असं दुसरीकडे दिसलं आहे. आपल्या देवणी गाईंवर, आपल्या कडब्यावर आणि सोयाबीनच्या भुसावर ते खरं ठरतं का, हे बघायचं.

कमिटीचे अध्यक्ष शिरूरच्या बाजारात आडत चालवायचे. त्यांनी विचारलं, "मंजी आमच्या गाईच्या ढेकरानं दुनिया तापायलीय?"

सगळे हसले. मी हसले नाही. मी घरी जाऊन पत्रक लिहायला बसले.

पत्रक हा आमच्या घरचा धंदा नव्हता, पण आजार नक्की होता. माझे वडील आयुष्यभर कुठल्या ना कुठल्या मागणीची पत्रकं वाटत आले. माझ्या वह्यांना कव्हरं पत्रकांची, डब्यांखाली कागद पत्रकांचे. उद्गारचिन्ह मला स्वल्पविरामाच्या आधी कळलं. त्या रात्रंदिवस धूर ओकणाऱ्या जगानं आमच्या गाईच्या तोंडाला मापं लावावीत, याची मला खरोखर चीड आली होती, आणि ती चीड आजही गेलेली नाही. मी मथळा दिला: 'ढेकर मोजणाऱ्यांनो, आधी धुराडी मोजा!' आणि शिरूर, चाकूर, निलंगा अशा तिन्ही एसटी स्टँडांवर स्वतः उभं राहून वाटलं.

तरी कमिटीनं होकार दिला. प्रयोग यशस्वी झाला तर संस्था गोठ्याला नवं छप्पर घालून देणार होती.

पाल्याची पोती उतरली त्या दिवशी खरी अडचण उभी राहिली. पोतं उघडताच वास आला. खारट, ओला, कुजकट. बाजारात सुकट विकायला बसतात तिथं येतो तसला. आमचं गाव शाकाहारी, त्यात हा मठ. गोठ्यात जमलेली माणसं मागे सरली. कुणीतरी बोललं, "मासळी हाय ही. डाक्टरला काय, त्येंना चालतंय."

डॉक्टरांचा चेहरा उतरला. त्यांनी काहीतरी म्हणायला तोंड उघडलं, तेवढ्यात अप्पा पुढे आले.

"डाक्टर, ह्यात जीव हाय का?"

"जसा कडब्यात असतो तसा, अप्पा. पाला आहे. विहिरीत शेवाळ येतं, त्यातलाच प्रकार. मासळीचा काही वास्ता नाही."

"तुमी खाल्लाव?"

डॉक्टरांनी चिमूटभर पूड जिभेवर ठेवली. तोंड वाकडं झालं. अप्पांनी गळ्यातल्या लिंगाला हात लावला, तोच हात पोत्यात घातला आणि चिमूट तोंडात टाकली. कुणी हललं नाही. या माणसानं जन्मात मांसाच्या दुकानापुढची वाट धरली नव्हती. अप्पा बराच वेळ जीभ फिरवत राहिले. मग त्या बोलणाऱ्याकडे वळून म्हणाले, "पाला हाय. खारट हाय. तुज्या बोलन्यापरीस ग्वाड हाय."

त्या सोमवारी डॉक्टर पंगतीला बसले आणि मग दर सोमवारी बसू लागले. अप्पांनी त्यांना सगळ्यांएवढं वाढलं.

प्रयोगाची मांडणी सोपी होती. गोठ्यात एकच लांब गव्हाण. तिच्या पूर्वेच्या अर्ध्या भागावर आठ गाई बांधायच्या, त्यांच्या कानात निळे बिल्ले. या पाल्याच्या गाई. पश्चिमेच्या आठ गाईंना पिवळे बिल्ले. या तुलनेच्या, यांना नुसती पेंड. डॉक्टरांनी रोजच्या आठ पुड्या मोजून करून ठेवल्या. आठवड्यातून दोनदा ते लातूरहून यायचे. त्यांच्याकडे एक पत्र्याची पेटी होती. गाईनं तीत तोंड घालून गोळ्या खायच्या, तेवढ्यात पेटी तिचा श्वास ओढून मोजायची. पोरंसोरं तिला ढेकराची पेटी म्हणायची.

पहिल्या दिवशी अप्पांनी विचारलं, "येकाच गव्हानीवर निम्म्या खात्याल आन् निम्म्या बगत्याल?"

"असंच करावं लागतं, अप्पा. सगळ्यांना दिलं तर फरक कळणार कसा? तुलनेला कुणीतरी पाहिजे. तुम्हाला पटतंय ना?"

अप्पांनी मान हलवली.

मी खिडकीत उभी होते. मला ते चाकूरचं लग्न आठवायला हवं होतं. आठवलं नाही, कारण त्या वेळी मी डॉक्टरांशी भांडायचे मुद्दे जुळवत होते.

पुढचे चार महिने मी भांडलेही. डॉक्टर पेटीशी बसलेले असायचे आणि मी खिडकीतून बोलायचे. "तुमच्या संस्थेला पैसा कोण देतं? त्यांच्या गाड्यांच्या धुराला कुठला पाला घालता?" ते म्हणायचे, "ताई, गाड्यांचं मला माहीत नाही. मी ढोरांचा डॉक्टर आहे. एक गोष्ट तरी खरी की खोटी, ते मला बघू द्या." अप्पा मधे शेण ओढत फिरायचे आणि मला म्हणायचे, "पत्रकवाली, जरा दम खा. मोरणी दचकायलीय."

मोरणी ही त्यांची लाडकी, असं मला वाटायचं. मग दिसलं की चंद्रीजवळ असले की चंद्री लाडकी. सोळाही जणींना नावं होती, आणि हाक मारली की नेमकी तीच मान वळायची. गव्हाणीवरही सोमवारच्या पंगतीचाच नियम: आज या टोकानं, उद्या त्या टोकानं.

डॉक्टर दर खेपेला न चुकता विचारायचे, "पाला रोज घातला ना, अप्पा?"

"घातला."

"सांडला? वाया गेला?"

"कनभर न्हाई."

चार महिने सरले. निकाल कागदावर आला आणि डॉक्टर उपड्या बादलीवर डोकं धरून बसले. निळ्या बिल्ल्याच्या गाई आणि पिवळ्या बिल्ल्याच्या गाई, दोन्हींत काही फरक नव्हता. "सुरुवातीच्या मोजणीपेक्षा दोन्हीकडं थोडं उतरलंय," ते स्वतःशीच बोलत होते, "पण सारखंच उतरलंय. म्हणजे पाल्याचा असर नाही. चाऱ्यानं असेल, हवेनं असेल." त्यांचं कंत्राट या निकालावर अवलंबून होतं, हे गावात सगळ्यांना कळलं होतं. येत्या सोमवारी कमिटीपुढे निकाल वाचायचा, सह्या घ्यायच्या आणि पेटी उचलायची, असं ठरलं.

मला आनंद झाला. लपवत नाही. दुसऱ्याच दिवशी माझं पत्रक छापून आलं: 'समुद्राचा पाला हरला! देवणी गाय जिंकली!' पुन्हा तिन्ही एसटी स्टँड. लोक वाचून हसत होते, खिशात ठेवत होते. निलंग्याला एका चहावाल्यानं ते भिंतीला चिकटवलं. मी हवेत होते.

शुक्रवारी सकाळी अप्पा आमच्या दारात आले. ते कधी कुणाच्या घरी जात नसत. हातात माझं पत्रक होतं.

"काय लिवलीस ते वाचून दाव."

त्यांना अक्षर लावता यायचं, पण सावकाश. मी ठसक्यात वाचलं. प्रत्येक वाक्याला त्यांची मान हलत होती. शेवटच्या उद्गारचिन्हापर्यंत मी पोचले तेव्हा ते म्हणाले, "हे खोटं हाय, माय."

"खोटं कसं? आकडे माझे नाहीत. डॉक्टरांनीच काढलेत."

"आकडे त्येचे. वाडप माजं."

मला कळलं नाही. मग त्यांनी उजवा हात पुढे करून गोल फिरवला, खालून वर, तीन वेळा. आणि चाकूरचं ते पातेलं माझ्या डोळ्यांपुढे आलं.

"अप्पा! सोळांना?"

"आट पुड्या येका घमेल्यात. पेंडीत कालवायचं आन् समद्यांना सारकं घालायचं. पयल्या दिसापासून." ते ओट्यावर टेकले. "पयल्या दिशी तसंच घालाय गेलतो, डाक्टर मनला तसं. चंद्रीला घातलो. बाजूला मोरणी. तिनं मान लांब केली आन् माज्याकडं बगत ऱ्हायली. माजा हातच फुडं जाईना."

"मग सांगायचं ना डॉक्टरांना!"

"मला वाटलं पाला पोटात जायला पायजे, येवढंच. निम्मा गेला काय, पुरा गेला काय. म्या काय शिकलेला हाय? परवा त्यो बादलीवर बसून रडाय लागला तवा कळलं, माज्या हातानं त्येचं समदं बुडालं."

मी उभी राहिले. जे मनात आलं ते मी तसंच बोलून टाकलं, आणि इथंही तसंच लिहिते. मी म्हणाले, "अप्पा, कुणाला सांगू नका."

त्यांनी वर बघितलं.

"सोमवारी डॉक्टर जातील. पेटी जाईल. तुम्ही राहाल, तुमच्या गाई राहतील. सांगितलंत तर कमिटी तुम्हाला गोठ्यात पाऊल ठेवू देणार नाही. छप्पर गेलं म्हणून अध्यक्ष आधीच भडकलेत. आणि..." पुढचं वाक्य मी गिळलं. पुढचं वाक्य माझ्या पत्रकाच्या काळजीचं होतं.

"आन् डाक्टर?"

"त्यांचं ते बघतील. शिकलेले आहेत."

अप्पांनी माझ्या हातातलं पत्रक परत घेतलं, त्याची घडी घातली. मग म्हणाले, "पंगतीतला मानूस हाय त्यो." आणि उठले. दारात थांबून विचारलं, "हे पत्रक कुटं कुटं वाटलीस?"

"शिरूर, चाकूर, निलंगा."

त्यांनी मान हलवली आणि गेले.

शनिवार, रविवार मी खिडकी सोडली नाही. अप्पा नेहमीसारखे शेण काढत होते, पाणी दाखवत होते. प्रत्येक गाईच्या पाठीवरून हात फिरवताना हात नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ थांबत होता, असं मला वाटलं. मी दोनदा हाक मारली. "अप्पा, काय ठरवलंत?" त्यांनी दोन्ही वेळा नुसतं बघितलं. त्यांनी खरं सांगावं असं मला वाटत होतं, आणि सांगू नये असंही वाटत होतं. तत्त्वाची मोठी वाक्यं लिहिणाऱ्या मुलीला दोन दिवसांत एकही वाक्य सुचलं नाही.

सोमवारी डॉक्टर आले. पंगत बसली. त्या दिवशी पश्चिमेच्या टोकाची पाळी होती. डॉक्टर मधे बसले होते. अप्पांनी त्यांना भात वाढला, आमटी वाढली, तूप वाढलं. सगळ्यांएवढं. शेवटी डाव बादलीच्या काठावर टेकवून विचारलं, "कोन ऱ्हायलं?"

"कुनी न्हाई अप्पा."

हात धुऊन कमिटी ओसरीवरच बसली. डॉक्टरांनी निकाल वाचला. मोजक्या ओळी होत्या, आवाज सपाट होता. अध्यक्षांनी खिशातून पेन काढलं. "पाला फेल गेला, डाक्टर. छप्पर बी गेलं. द्या, सई करतो, मंजी मोकळं."

"सई करू नगा," अप्पा म्हणाले.

ते खांबापाशी उभे होते. बादली अजून हातातच होती.

"पाला फेल गेला न्हाई. आट जनींचा पाला म्या सोळा जनींना घातला."

गोठ्यात एक गाय शेपटी आपटत होती ते ओसरीवर ऐकू आलं. डॉक्टर उठले. अगदी अप्पांसमोर जाऊन उभे राहिले.

"पहिल्या दिवसापासून?"

"पयल्या घासापासून."

"मी विचारत होतो तुम्हाला! दर खेपेला विचारत होतो!"

"तुमी इचारलाव, पाला घातला का. घातला मनलो. सांडला का. न्हाई मनलो."

"मी समजावलं होतं, आठच गाईंना का ते! तुम्ही मान हलवली होती!"

मागून कुणीतरी हळूच म्हणालं, "ऐकलो मनून हलिवले असतील," आणि कुणीही हसलं नाही.

डॉक्टरांनी हातातले कागद दुमडले. "चार महिने, अप्पा. चार महिने मी गाढवासारखा आकडे लिहितोय. घरी अम्मीला काय सांगितलंय, माहीत आहे?" ते ताडकन वळले आणि ओसरी उतरून गोठ्याकडे गेले. आम्हाला वाटलं, निघाले. अध्यक्ष अप्पांवर तुटून पडले. मठाची अब्रू घालवलीत, कमिटीनं कागदावर शब्द दिला होता, मठाचं खाऊन मठालाच खड्ड्यात घातलंत. अप्पा ऐकत होते. मान हलत होती.

डॉक्टर परत आले तेव्हा त्यांचा चेहरा वेगळा होता. रागाच्या खाली दुसरं काही तरी होतं. "दोन्हीकडं उतरलं होतं," ते म्हणाले. "मी म्हणालो होतो ना, दोन्हीकडं थोडं, आणि सारखं. निम्मा निम्मा पाला गेला असेल तर..." ते थांबले. "यावरून काही सिद्ध होत नाही. पण परत करून बघण्यासारखं आहे. मी संस्थेला अर्ज करतो. खरं काय घडलं ते लिहून करतो." मग आवाज खाली आला. "फक्त संस्था एक विचारेल. चारा घालणारा माणूस तोच राहणार का."

सगळे अप्पांकडे बघू लागले.

अप्पांनी मान हलवली. त्या दिवशी त्या मानेचा अर्थ कुणालाच लावता आला नाही.

"येक मागनं हाय, डाक्टर," ते म्हणाले. "येका गव्हानीवर नका बांदू त्येंना. मदी भिंत घाला. जिला न्हाई, तिला दिसू नये."

डॉक्टरांनी त्यांच्याकडे बघितलं. "आधी हे सांगितलं असतं तर, अप्पा." आणि थोड्या वेळानं, "आणि मीसुद्धा विचारायला पाहिजे होतं."

गोठ्याच्या मधे पत्र्याची भिंत उभी राहिली. गाईंना दुसरा माणूस आला, गावातलाच, चांगला, सांगितलं तेवढंच करणारा. कमिटीनं अप्पांना मठात राहू दिलं, वाढपही ठेवलं. फक्त गोठ्यात जायचं नाही. ते जात नव्हते. पण मठाची विहीर गोठ्याच्या पलीकडे. अप्पा पाण्याला निघाले की पावलांच्या आवाजानं पत्र्याच्या दोन्ही बाजूंच्या गाई माना वळवायच्या, हंबरायच्या आणि खाणं टाकायच्या. मोरणीनं तर दावं तोडलं. डॉक्टर पेटीपुढे हताश बसलेले मी दोनदा बघितले. त्यांनी अप्पांना एका शब्दानं काही म्हटलं नाही.

तिसऱ्या आठवड्यात अप्पा माझ्या खिडकीशी आले. आत नव्हे, बाहेरच्या बाजूनं.

"मी चाललो. निलंग्याच्या पल्याड, कर्नाटकच्या शिवेला येक मट हाय. तितं वाडपी पायजे."

"अप्पा, इथं तुम्हाला कुणी जा म्हणालंय का?"

"कुनी न्हाई मनलं. मी दिसलो की त्या खाईनात. डाक्टरची मोजनी परत बिगडंल." मग त्यांनी सरळ माझ्याकडे बघितलं. "तुजं दुरुस्तीचं पत्रक झालं का?"

झालं नव्हतं. मी तीन आठवडे टाळत होते. धुराड्यांबद्दल मी लिहिलेलं एक अक्षरही मागे घेणार नव्हते, आणि आपण हरलो असं वाटावं, हे मला सोसत नव्हतं. मी हे सगळं त्यांना सांगू लागले.

"तुजं भांडन तू कर की," अप्पा म्हणाले. "त्यात खोटं कालवू नगंस. आन् जितं जितं पयलं वाडलीस, तितं तितं हे बी वाड."

त्या दिवशी मी लिहायला बसले. उद्गारचिन्ह न वापरता लिहिलेलं ते माझं पहिलं पत्रक. 'पाला हरला, असं मी छापलं होतं. ते चूक होतं. प्रयोग नीट झालाच नव्हता आणि हे कळल्यावरही मी गप्प राहिले. आता तो परत होतो आहे. निकाल येईल तो छापीन, मला आवडो वा न आवडो. धुराड्यांचा माझा प्रश्न कायम आहे.' खाली नाव. चाकूर झालं, निलंगा झालं. चहावाल्याच्या भिंतीवर जुन्यावर नवं चिकटवलं, तो म्हणाला, "ताई, पयलं झ्याक होतं." शिरूर राहिलं होतं.

अप्पांची गाडी शिरूरहूनच होती. ते स्टँडवर आले तेव्हा हातात एक पिशवी आणि धुतलेला डाव, फडक्यात गुंडाळलेला. मी कोपऱ्यात पत्रकांचा गठ्ठा धरून उभी होते. आधीची पत्रकं वाटताना मी कशी ओरडत होते. आता कुणाच्या हातात ठेवायचा धीर होत नव्हता.

त्यांनी पिशवी बाकावर ठेवली आणि हात पुढे केला. "आन इकडं."

त्यांनी पूर्वेच्या टोकानं सुरुवात केली. बाकावरच्या प्रत्येक माणसापुढे थांबून, किंचित वाकून, एकेक पत्रक. कुणाला दोन नाही, कुणी वगळला नाही. झोपलेल्या म्हाताऱ्याच्या कोपराखाली एक सरकवलं. वाचता न येणाऱ्या बाईला दिलं तेव्हा ती म्हणाली, "मला काय करायचंय हे?" अप्पा म्हणाले, "कुनाकडून तरी वाचून घे, माय." शेंगदाणे विकणाऱ्याला, कंट्रोलरच्या खिडकीत, उभ्या उदगीर गाडीच्या प्रत्येक खिडकीत. उजवा खांदा खाली, तीच चाल, तोच हात.

निलंग्याची गाडी लागली. कंडक्टर ओरडायला लागला. अप्पांनी पिशवी उचलली, पायरीवर एक पाय ठेवला आणि मागे वळून या टोकापासून त्या टोकापर्यंत स्टँड नजरेखालून घातला. ओठ हलले. काय विचारलं ते गाडीच्या आवाजात ऐकू आलं नाही. ऐकू यायची गरजही नव्हती.

मग ते पायरी उतरून परत आले. त्यांच्या हातात एकच पत्रक उरलं होतं. ते त्यांनी माझ्या हातात ठेवलं.

"तू ऱ्हायलीस," म्हणाले, आणि गाडीत चढले.